पहिल्या पाळीचा मालकंस

कुरुळीत कुणाचा बंगला उभा राहिला की वास्तुशांतीला भटजी आणि नाना दोघंही असतात. भटजींना बोलावणं जातं, नाना येतात. जेवण होईतो ते गप्प. मग हात धुऊन खिशातली किल्ली काढतात आणि हॉलच्या चकचकीत फरशीवर उकिडवे बसून ठोकत सुटतात. टक, टक, टक, आणि मध्येच डब. ‘‘इथं खाली माल भरलेला नाही.’’ पुढच्या फरशीवर पुन्हा डब. ‘‘इथं पण पोकळ.’’ यजमान कॉन्ट्रॅक्टरकडे बघतो, कॉन्ट्रॅक्टर ताटातल्या जिलबीकडे. नाना मात्र निर्विकार. त्यांना भांडण लावायचं नसतं. डब वाजलेल्याला टक म्हणणं त्यांच्या जिवावर येतं, इतकंच.

मोशीपासून चाकणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात ही जात गावोगाव सापडते. माणूस कंपनीतून रिटायर होतो, पण त्याचं स्टेशन काही सुटत नाही. पेंट शॉपमधून निवृत्त झालेले एक जण सोयरिकीला गेले तरी आधी दारातल्या गाडीवरचा ओरखडा दाखवतात. स्टोअरवाले लग्नात वाढप्यांचे डाव मोजतात. नाना इन्स्पेक्शनचे. भोसरीतल्या एका फौंड्रीत त्यांनी उभी हयात हातोडी धरून काढली. डाव्या हाताने कास्टिंग उचलायचं, उजव्याने एक टोला, कान तिरका. खणखणलं की ट्रॉलीत. बद्द वाजलं की लाल रंगाचा फराटा आणि परत भट्टीत. आतली चीर डोळ्याला दिसत नाही, पण आवाजात लपत नाही. नाना तर नुसत्या आवाजावर लोखंडाची जात सांगत. ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात, ते कंप गिळून टाकतात, एस. जी. आयर्नमध्ये त्याच ग्रॅफाइटचे गोळे होतात आणि धातू लांबवर वाजत राहतो. नानांच्या भाषेत : ‘‘ग्रे खोकतं, एसजी गातं.’’

निवृत्तीनंतर हातोडी कंपनीत जमा झाली, बोट मात्र नानांकडेच राहिलं. गावातल्या बायका माठ घ्यायला नानांना बरोबर नेतात, आणि कुंभार नानांना बघून आधीच दोन माठ मागे सरकवतो. भीमाशंकरला महाशिवरात्रीच्या रांगेत त्यांनी जो घोळ घातला तो अजून सांगितला जातो. चिमाजीअप्पांनी 1739 साली वसई घेतली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज घंटा आणून ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. त्यातली एक तिथं टांगलेली आहे. लोक तिच्याकडे बघून हात जोडतात आणि पुढे सरकतात. नानांनी घंटेच्या काठावर टिचकी मारली आणि डोळे मिटून उभे राहिले. मागून ओरडा सुरू झाला. नाना म्हणाले, ‘‘थांबा, अजून विरतोय.’’

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. पण नानांचा मुलगा नोकरीसाठी आइंडहोवनला गेला आणि नातवाच्या निमित्ताने नाना तिकडे जाऊन आले. तिथून जवळच आस्टन नावाचं गाव आहे. घंटा ओतणारा मोठा कारखाना आणि घंटांचं म्युझियम अशी दोन्ही तिथं. मुलाला वाटलं, वडिलांचा एक दिवस जाईल. झालं उलटंच. उरलेला व्हिसा त्या एका दिवसाच्या मागे गेला.

कॅरिलॉन म्हणजे काय हे आम्हाला कळलं ते नानांकडून, आणि सक्तीने. उंच मनोऱ्यात लहानमोठ्या, सुरात लावलेल्या घंटा. कमीत कमी तेवीस, नाहीतर कॅरिलॉन म्हणायचं नाही. घंटा जागची हलत नाही. आतला लोळा तारेने ओढला जातो, ती तार खाली एका खोलीत येते, आणि तिथं लाकडी दांड्यांची पेटी असते. वाजवणारा अर्धवट मूठ वळून करंगळीच्या बाजूने दांडे ठोकतो, आणि जड घंटांसाठी खाली पायपट्ट्या तुडवतो. लिंकेज नानांना बघताक्षणी समजलं. ‘‘स्कूटरचा मागचा ब्रेक,’’ ते म्हणाले, आणि तो विषय तिथंच संपला. अडले ते सुराशी.

काशाची घंटा, म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील, ओतली म्हणून सुरात येत नाही. ती उलटी करून व्हर्टिकल लेथवर चढवतात आणि आतून धातू खरवडतात. जसजसा माल निघेल तसतसा सूर उतरतो. जास्त निघाला तर परत लावता येत नाही, घंटा भट्टीत. हे ऐकून नानांना भोसरीतच असल्यासारखं वाटलं. त्यातही एका घंटेत एक सूर नसतोच. मूळ सूर, त्याच्या खाली घुमणारा खर्ज, वरचा षड्ज, पंचम, आणि या सगळ्यांच्या मधे ठाण मांडून बसलेला कोमल गंधार. नाना तो शब्द उच्चारताना आवाज खाली आणतात. चांगल्यात चांगली, आनंदाच्या प्रसंगी वाजणारी घंटासुद्धा आतून कोमल गंधार लावून असते. म्हणून कॅरिलॉनसाठी चाल बांधणाऱ्याला जपून राहावं लागतं. शुद्ध गंधाराचा आनंदी मेळ मोठ्या घंटांवर एकदम लावला की बाहेरचा गंधार आणि आतला गंधार एकमेकांच्या उरावर बसतात. आस्टनच्याच कारखान्याने 1980च्या दशकात कॉम्प्युटरवर नवा आकार काढून शुद्ध गंधाराची घंटाही ओतली. नानांना ती पसंत नाही. ‘‘कास्टिंगचा स्वभाव आहे तो,’’ ते म्हणतात, ‘‘त्याला कशाला रिवर्क करायचं?’’

नानांच्या देवघरात आता माउलींच्या शेजारी याकोब व्हान आइकचं चित्र लावायचं घाटत होतं. नानींनी हाणून पाडलं. हा गृहस्थ सतराव्या शतकात उट्रेख्टला घंटा वाजवायचा. जन्मांध. घंटेजवळ नुसती शीळ घालून आतले सूर एकेक करून वेगळे ऐकायचा. त्याच्या कानाच्या भरवशावर हेमोनी या घंटा ओतणाऱ्या बंधूंनी 1644 साली झुटफेनला पहिलं बिनचूक सुरातलं कॅरिलॉन उभं केलं. ‘‘डोळे नव्हते, म्हणून फसला नाही,’’ नाना म्हणतात. ‘‘आपल्याकडं इन्स्पेक्शनला मुलं घेतात ती आधी स्क्रीन बघतात.’’

पुढे बेल्जियममध्ये मेखेलनला गेले. तिथं 1922 पासून हे वाजवायला शिकवणारी शाळा आहे. तिथल्या मनोऱ्याला पाचशे अडतीस पायऱ्या. जेजुरी चढून गेलेल्या माणसाला त्याचं काय. पण वर जाऊन नानांनी जे पाहिलं त्याने ते हलले. बंद खोलीत एक माणूस घामाघूम होऊन मुठी आपटतोय. खाली चौकात लोक कॉफी पीत ऐकतायत. त्याला ते दिसत नाहीत, त्यांना तो दिसत नाही, आणि टाळ्या वाजल्याच तर वर पोचत नाहीत. नाना त्या खोलीच्या दाराशी उभे राहून म्हणाले, ‘‘हा तिसऱ्या पाळीचा माणूस आहे.’’ मुलाने हे इंग्रजीत सांगायचं टाळलं.

परत येताना मुंबईला उतरले ते थेट ओव्हल मैदानावर गेले. विमानतळावरून, बॅगांसकट. समोर राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेला, 1878 साली पुरा झालेला, दोनशे ऐंशी फुटी. त्यात सोळा घंटा आहेत, आणि एकेकाळी त्या सोळा चाली वाजवत. दिवसातून चारदा चाल बदलायची. ब्रिटिशांचं राष्ट्रगीत, हँडेलची रचना, घराची आठवण काढणारं गाणं, सगळं यंत्रावर. आता दर पंधरा मिनिटांनी एकच चाल. नानांनी वडापाव खात दोन वेळा पंधरा मिनिटं मोजली आणि निकाल दिला : ‘‘सोळा माणसं मस्टरवर, काम एकाचंच.’’ शिवाय नियम तेविसाचा. म्हणजे मुंबई सातने नापास. शिवनेरीत बसताना नानांच्या डोक्यात कुरुळीचा आकडा पक्का झाला होता.

काशाच्या तेवीस घंटा घ्यायच्या तर खोल्या विकाव्या लागल्या असत्या, आणि खोल्यांच्या भाड्यावर घर चालतं. म्हणून नाना कुदळवाडीच्या भंगारात शिरले. तिथले दुकानदार वजनावर माल विकतात; नाना आवाजावर घ्यायचे. ढिगातला एखादा एस. जी. आयर्नचा हब उचलून कानाशी ठोकायचे, ‘‘पांढरी चार’’ म्हणायचे आणि खडूने त्यावर लिहायचे. ब्रेक ड्रमकडे ते बघतही नसत; ग्रे, खोकणारे. फ्लॅंज, कापलेले रिकामे सिलिंडर, रुळाचा एक तुकडा. 2025च्या फेब्रुवारीत पालिकेने कुदळवाडीतली भंगारची शेडं पाडली तेव्हा नाना दोन दिवस जेवले नाहीत. ‘‘काळी तीन तिथंच राहिली,’’ एवढंच म्हणाले.

आज त्यांच्या गच्चीवर अँगलच्या सांगाड्यात चौदा नग टांगलेले आहेत. मुंबईला गाठायला दोन कमी. प्रत्येकामागे वेल्डिंग केलेला छोटा हातोडा, हातोड्याला मोटरसायकलची क्लच केबल, केबल जाते पाण्याच्या टाकीमागच्या पत्र्याच्या खोपट्यात. तिथं फावड्याचे दांडे कापून ओळीने बसवलेत आणि खाली जुन्या शिलाई मशीनच्या पायपट्ट्या. करंगळी सोलू नये म्हणून नाना तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळतात. खोपट्याला खिडकी आहे, पण त्यांनी ती पत्र्याने बंद केली. वाजवणारा दिसता कामा नये. अख्ख्या गावाला माहीत आहे आत कोण बसतं. तरी तत्त्व ते तत्त्व.

खरी अडचण निघाली ती वेळेची. तिकडे हे सगळं जन्मालाच आलं घड्याळापायी. तासाचे टोल पडायच्या आधी दोनचार लहान घंटा वाजवायच्या, म्हणजे लोक कान टवकारतील आणि टोल मोजायला चुकणार नाहीत. त्या दोनचारांचं वाढत वाढत एवढं मोठं झालं. त्याच्याही आधी, चौदाव्या शतकात, फ्लँडर्सच्या कापड विणणाऱ्या गावांत कामाची घंटा असायची, विणकरांनी कधी बसायचं आणि कधी उठायचं ते सांगणारी. ‘‘म्हणजे भोंगाच,’’ नाना म्हणतात. पण तिथं गावाला एक घड्याळ होतं. कुरुळीत तीन आहेत. नानांच्याच खोल्यांमध्ये एक नंबरमधले बीडचे भाऊ पहिल्या पाळीला, दोनमधला बिहारचा पोरगा दुसरीला, तीन नंबर कायम नाइटला. ज्या वेळी सगळे जागे असतील असा एक तास इथं नाही, आणि सगळे झोपलेत असाही नाही. नानांनी पहिल्याच दुपारी मालकंस सुरू केला तेव्हा तीन नंबरचं दार उघडलं आणि आतून जे शब्द आले ते मालकंसात बसणारे नव्हते.

तोडगा भजनी मंडळाच्या पेटीवाल्या बुवांनी काढला. पहिल्या पाळीची बस कोपऱ्यावर सव्वासहाला येते. त्याआधी पाच मिनिटं वाजवा. उठायचे ते उठलेले असतात, नाइटवाले अजून कंपनीतून परतलेले नसतात. बुवांना हे सुचलं खरं, पण पुढे ते स्वतःच अडून बसले. ‘‘नाना, मालकंस रात्रीचा राग. सकाळी सहाला?’’

नानांकडे उत्तर तयार होतं. ‘‘बुवा, नाइट करून येणाऱ्याची रात्र साडेसातला सुरू होते. त्याच्या हिशेबाने मी वेळेच्या आधीच गातोय.’’

‘‘पण ऐकणारे पहिल्या पाळीचे आहेत ना?’’

‘‘त्यांनी तोडी मागितली तर मी देईन. मागितलीय का कुणी?’’

मागितली नव्हती. शिवाय मालकंसात गंधार कोमल, म्हणजे घंटेच्या पोटातल्या गंधाराशी भांडण नाही, हे नानांचं खरं कारण. बुवांनी मान हलवली. आता नग वाजतो तो नुसता ठोक्यासारखा. मींड नाही, की सूर दाबता येत नाही. एकदा टोला पडला की तो आपल्या वेळेने विरणार. म्हणून नानांनी बांधलेली चाल विचित्र आहे : खालचे सूर क्वचित, आणि दोघांमध्ये भरपूर जागा, वरचे छोटे नग मात्र भराभर, कारण ते लवकर विरतात. ही अक्कल तिकडच्यांना दोनतीनशे वर्षांत आली, नानांना तीन नंबरच्या भाडेकरूने एका दुपारी दिली. ऐकायला ते कसं लागतं असं मला विचाराल तर आधी चमत्कारिक लागतं. मग आठवड्याभराने एखाद्या सकाळी वरचा कोमल निषाद हवेत लटकत राहतो, हायवेवरून जाणारा कंटेनर आपोआप त्याच्या खाली खर्ज धरतो, आणि हातातला चहा निवतो.

ऐकतं मात्र कुणी नाही. बसवाल्या पोरांनी त्या चालीचा गजर केला. पहिला आलाप आला की बूट, खालचा धैवत वाजला की डबा, आणि वरचे नग भराभर सुरू झाले की पळायचं. नानांची रचना जिथं रंगायला लागते तिथं समोरचा रस्ता रिकामा होतो. एकदा नाना भरात आले, विस्तार वाढला, आणि दोघांची बस चुकली. दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळ आलं. ‘‘काका, लई भारी वाजवता, पण जरा शॉर्टमध्ये घ्या.’’ नाना त्यांच्यावर चिडले नाहीत. नानींना म्हणाले, ‘‘ऐकतात म्हणून तर चुकली.’’

परवा मात्र बस वेळेवर आलीच नाही. कोपऱ्यावर पंचवीसेक जण डबे घेऊन उभे. नानांना खोपट्यातून दिसत नव्हतं, पण इंजिनाचा आवाज आला नाही हे त्या कानाने टिपलं असणार. चाल संपायच्या जागी संपली नाही. पुन्हा खर्जावर आली, सावकाश. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एकाने मोबाइल खिशात ठेवला. बीडच्या मोठ्या भावाने धाकट्याला कोपराने ढोसलं आणि गच्चीकडे बोट केलं. दूधवाला किटली टेकवून उभा राहिला. वरचे नग सुरू झाले तरी कुणी पळालं नाही, कारण पळायला बस नव्हती.

ती आली पावणेसातला. पोरं भराभर चढली, आणि नाना करंगळीला ट्यूब तशीच ठेवून जिना उतरून खाली आले. ड्रायव्हर आधीच हात जोडून तयार होता. ‘‘माझी चूक नाय हो काका. मोशीला ट्रॅफिक. तासभर हललोच नाही.’’

नानांनी बसच्या पत्र्यावर सवयीने एक टिचकी मारली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘‘उद्या पण असेल ना?’’