टाकी आमची, मालक आपण

प्रति,
माननीय संचालक,
रीफ टँकचे, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या टाक्यांचे, कंट्रोलर बनवणारी एक कंपनी
(नाव घेत नाही, वॉरंटीचे अजून काही महिने शिल्लक आहेत)

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपला कंट्रोलर आमच्या सॅन होजेच्या घरी सुखरूप आहे. टाकीतले खारे तुषार उडून त्याच्या पोर्टांच्या तोंडाशी मीठ जमतं, ते मी दर रविवारी ओल्या फडक्याने हळुवार पुसतो. घरात इतकी निगा दुसऱ्या कुणाची राखली जात नाही, असं आमच्या हिचं निरीक्षण आहे.

किमतीबद्दल मुळीच तक्रार नाही. मूळ पेटीचे आठशे-नऊशे डॉलर गेले, ते जाणारच होते. मग कळलं की पाणी गळाल्याची खबर देणारा सेन्सर वेगळा, डोसिंग पंप वेगळे, लाइट मंद करणारी वायर वेगळी आणि ती वायर जिथे लावायची तो डबाही वेगळा. हिने एकदा विचारलं, "एवढ्यात हवाईला जाऊन खरी प्रवाळं बघून आलो असतो ना?" मी पाण्याची क्षारता तपासायला उठलो.

खरं सांगायचं तर आपल्याला आमची नस अचूक सापडली आहे. टाकीचं पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर राहिलं पाहिजे. हिटरच्या रिलेचे संपर्क चिकटून बसले की हिटर बंद व्हायचं नाव घेत नाही आणि सकाळी उठावं तर वर्षानुवर्षं वाढवलेली प्रवाळं पांढरीफटक. ही भीती खोटी नाही. अशा माणसाला रात्री दोन वाजता फोनवर तापमान दिसणार असेल, तर तो किंमत विचारत नाही, कार्डाचा नंबर सांगतो.

पण आपल्या प्रतिभेला खरा सलाम करायचा तर त्या सॉकेटसाठी. दिसायला हुबेहूब यूएसबी. तोच आकार, तीच रुंदी, खणखणीत यूएसबीची वायर त्यात सुखाने शिरते. आत मात्र भाषा आपल्या घराण्याची, आणि माहितीपुस्तिकेत तंबी: ही वायर चुकूनही कॉम्प्युटरला लावू नका. जगातला सर्वांत ओळखीचा जोड निवडून तो कुणालाच जोडता येऊ द्यायचा नाही, हे येरागबाळ्याचं काम नोहे.

पीएचच्या प्रोबच्या बाबतीत मात्र आपली थोडी गफलत झालेली दिसते. तिथे अजून जुनंच बीएनसी सॉकेट आहे, त्यामुळे कुणाचाही प्रोब लागतो. मागचा इतिहासही आपल्याला गैरसोयीचाच आहे. आपल्याच कॅलिफोर्नियात १९३४ साली अर्नोल्ड बेकमन यांनी एका मित्राला लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजता यावा म्हणून पीएच मीटर बनवला. पुढच्या वर्षी तो १९५ डॉलरला बाजारात आला. त्या काळी ही काही थोडकी रक्कम नव्हती. पण बेकमननी लिंबं आमच्याच बागेतली घ्या असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. पंचवीस अंशांला पीएचच्या एका अंकामागे ५९ मिलिव्होल्ट, हा हिशोब निसर्गाने ठरवला आहे. तो आपल्या ताब्यात नाही याचं आपल्याला वाईट वाटत असणार.

ती उणीव आपण रसायनांत भरून काढलीत. अल्कलिनिटी मोजणारं आपलं यंत्र आमच्या घरी जावयासारखं राहतं: दुसऱ्याच्या हातचं चालत नाही. करतं काय? नमुन्याचं पाणी घेतं, त्यात थेंबथेंब आम्ल सोडतं, ठरलेल्या बिंदूला थांबतं आणि किती आम्ल लागलं त्यावरून आकडा काढतं. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटची तोटी धरून आम्ही दुसरं काय करत होतो? पण बाटल्या आपल्याच हव्यात. त्या संपतात, आणि संपल्या की यंत्र मुकं होतं.

मागच्या हिवाळ्यात आपला सर्व्हर अर्धा दिवस झोपला. पेटीतला प्रोग्राम चालू होता, पंप फिरत होते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण माझ्या टाकीचं तापमान दिवाणखान्यातून आपल्या सर्व्हरवर आणि तिथून माझ्या खिशात असा प्रवास करत असल्यामुळे, टाकीपासून दहा पावलांवरच्या खोलीत बसून मी आंधळा झालो. शेवटी उठून पाण्यात थर्मामीटर बुडवला.

या सगळ्याला काही उपद्रवी लोक रीफ-पाय नावाचं, घरीच बांधायचं यंत्र दाखवून उत्तर देत असतात. २०१२ साली ३५ डॉलरला आलेल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरच्या वंशजांवर ते चालतं. प्रोग्राम फुकट, त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा. तापमानाला डीएस१८बी२० नावाचा दहा डॉलरच्या आतला सेन्सर, चूक अर्ध्या अंशाची. असल्या लोकांचा बंदोबस्त व्हायला हवा. पण आपल्या बाजूचंही बोलतो. माझ्या एका मित्राने हे बांधलं. खाऱ्या पाण्याशेजारी १२० व्होल्टचे रिले, सोल्डरिंगचा धूर, आणि मध्यरात्री काही बिघडलं तर फोन करायला कोणी नाही. त्याचे शनिवार-रविवार जमेस धरले तर ते स्वस्त मुळीच पडलं नाही. फरक एवढाच की त्याच्या पेटीत काय चाललंय ते त्याला ठाऊक आहे.

पुण्याच्या भाच्याला हा नाद लागण्याची धास्ती होती. पण भारतात खडक उभारणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंगतीला आहेत. तो आपल्या तावडीतून कायद्यानेच सुटला.

आता मागणं. पैसे परत नकोत, सूटही नको. त्या नकली यूएसबीतून कोणती भाषा वाहते ती छापून टाका. घरातल्या घरात, इंटरनेटवाचून, पेटीने फोनशी बोलावं अशी सोय करा. आणि ईश्वर न करो, पण कंपनीला कधी टाळं लागलं, तर प्रोग्राम लोकांच्या हवाली करण्याची तजवीज आजच लेखी करून ठेवा. नीट सांभाळलेलं प्रवाळ कित्येक दशकं जगतं. कंट्रोलरच्या कंपन्यांचं आयुष्य तेवढं असतंच असं नाही. एक तर आमच्या डोळ्यांदेखत बुडाली, आणि तिच्या पेट्या बाळगणारे जुने सुटे भाग शोधत फिरले.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला (करारान्वये),
एक खारट ग्राहक

ता. क. नवं मॉडेल येतंय असं ऐकलं. त्याला जुने सेन्सर चालतील की नाही तेवढं मात्र थँक्सगिव्हिंगच्या सेलआधी कळवा. न चालले तरी मी घेणारच आहे. हिला काय सांगायचं ते ठरवायला थोडा वेळ हवा.