चेतक उठत नाही तेव्हा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

आजोबांची किंवा काकांची जुनी टू-स्ट्रोक चेतक स्कूटर ज्यांच्या वाट्याला आली आहे, जिच्या नंबरप्लेटवर एमएच 08 आहे आणि जिच्यावर बसून सकाळी नऊच्या आत रत्नागिरीच्या मारुती मंदिराला पोचायचं आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. बटण दाबून गाडी सुरू करणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. फक्त हसू नये.

साहित्य: प्लग पाना, जुना टूथब्रश, बारीक पॉलिश पेपर, सुती फडकं (जुनं बनियन उत्तम), एक जादा प्लग आणि घरातला गॅस मोकळा असण्याची वेळ. यातली शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही.

सुरुवात निदानापासून. गाडी सुरू होईना की गडग्यापलीकडून पहिलं वाक्य येतं, "थंडी पडली ना, म्हणून." ऐकून घ्या, मान हलवा, विश्वास ठेवू नका. रत्नागिरीत थंडी मोजण्याचं सर्वमान्य साधन म्हणजे न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली. तेल गोठलं की स्वेटर निघतात. पण खोबरेल 24 अंशांच्या खाली गेलं की गोठू लागतं, त्यात त्याचा काही पराक्रम नाही. जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण अठरा-एकोणिसाच्या घरात असतो, आणि पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासदेखील ठिणगी दिसली की पेट घेते. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात जोसेफ-आर्मांद बोंबार्डिए यांच्या कंपनीने 1959 मध्ये स्की-डू नावाची बर्फावर पळणारी गाडी बाजारात आणली. त्या जातीच्या गाड्यांना कितीतरी वर्षं टू-स्ट्रोक इंजिनच होतं, आणि तिकडची माणसं गोठलेल्या अंगणात दोरी ओढओढून ती सुरू करत. त्या गाडीने थंडीचं निमित्त सांगितलं तर ऐकून घेऊ. मांडवीच्या वाऱ्यावर वाढलेल्या चेतकने सांगू नये.

खरा गुन्हेगार दमटपणा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पाऊस नसेल तेव्हा समुद्रावरचं खारं वारं. प्लगपर्यंत येणाऱ्या वायरीत हजारो व्होल्टचा दाब असतो. प्लगच्या टोकावरची फट ओलांडणं हे त्याचं काम. पण कॅपवर ओल धरली असेल तर तो सोपा रस्ता पकडतो आणि बाहेरच्या बाहेर इंजिनाच्या अंगात उतरतो. ठिणगी पडते, पण सिलिंडरात पडत नाही. मॅग्नेटोतल्या पॉइंटवर गंज चढतो तो वेगळाच. अर्धी रिकामी टाकी रात्रभर आतून घामेजते. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाणी फार प्रिय. गाडी आठवडे न् आठवडे पडवीत उभी राहिली की ते हवेतली ओल पीत बसतं. चेतक जन्मली तेव्हा हा पाहुणा टाकीत नव्हता, त्यामुळे तिच्या जुन्या रबरी नळ्यांनाही तो मानवत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. आधी पेट्रोलचा कॉक पाहा. हे वाचून तुम्हाला अपमान झाल्यासारखं वाटेल, तरीही पाहा. सीटखालचा हा कॉक बंद, चालू आणि रिझर्व्ह अशा तीन जागी फिरतो. कॉक बंद ठेवून किका मारण्याची परंपरा मोठी आहे आणि तिच्यात शिकलेल्या माणसांचा भरणा जास्त. टाकी हलवून आवाज ऐका. आवाज येत नसेल तर पुढचं वाचू नका, पेट्रोल आणा. पंपावर ऑइल घालायला विसरू नका: लिटरला साधारण 20 मिलिलिटर. "जरा जास्त घाला, इंजिनाला बरं" हा सल्ला पुढे प्लगवरच्या काजळीच्या रूपाने भेटायला येतो.

मग चोक. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं, इतकाच त्याचा अर्थ. आपल्या हवेत दोन किकांपुरता पुरतो. ओढून ठेवून विसरलात तर सिलिंडरात पेट्रोल साचेल, वास येईल, आणि तो वास घेऊन शेजारी गडग्याशी येईल.

यानंतर येतो तो विधी, ज्याशिवाय या देशात स्कूटर सुरू झाली असं कुणीच मानलं नसतं: गाडी कलती करणे. एक हात हँडलला, दुसरा सीटच्या मागे, आणि गाडी आपल्या अंगावर कललेली. काही क्षण तशीच धरा. चेहरा गंभीर हवा. हा विधी अंधश्रद्धा आहे असं फोर-स्ट्रोकवाल्यांचं मत, पण ते अर्धंच खरं. टाकीच्या कोपऱ्यात उरलेलं पेट्रोल कलल्यामुळे तोंडाशी येतं आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं थोडं पुढे सांडतं, म्हणजे चोकचंच काम जरा गावठी पद्धतीने होतं. टाकी भरलेली असताना मात्र कलती करण्याने कंबर सोडून कशावरच परिणाम होत नाही. सवय झालेली माणसं तरीही करतात. आमच्या मते त्यांना अडवू नये. देवळासमोरून जाताना हात आपोआप छातीशी जातो, त्यातलाच हा प्रकार.

किक. पायाची टाच नव्हे, तळव्याचा मधला भाग. सावकाश दाबत जा, दाब लागला की तिथून जोर. नवशिके भराभर मारतात, त्यातून व्यायाम होतो. सात-आठ किकांत नुसती फुसफुस झाली तर थांबा. आणखी मारल्याने पेट्रोल साचतं आणि आजार बदलतो.

इथे थोडं विषयांतर. चेतक 1972 मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली, आणि पुढे ती मिळवायला लोक दहा-दहा वर्षं नंबर लावून थांबले. परदेशी चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर मिळे, म्हणून मस्कतच्या मामाचा भाव वधारला. गाडीसाठी दहा वर्षं थांबलेल्या पिढीला ती सुरू होण्यासाठी रोज पंधरा मिनिटं थांबणं जड गेलं नाही. 2009 च्या अखेरीस कंपनीने स्कूटर बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि 2020 मध्ये चेतक हे नाव विजेच्या गाडीला मिळालं. तिला किक नाही, चोक नाही, प्लग नाही. त्यामुळे सकाळी तिच्याभोवती कुणी जमतही नाही.

तुमच्याभोवती मात्र एव्हाना जमले असतील. "काय झाला? होत नाय काय चालू?" हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, तो हजेरीपट आहे. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले काका पॉइंटचं नाव घेतील. कुणी कार्बोरेटरचा जेट म्हणेल. एकजण "विकून टाक" म्हणेल. किंमत विचारलीत तर तो घरी जातो. आणि शेवटी एक शाळकरी मुलगा पुढे होऊन एकच किक मारील आणि गाडी सुरू होईल. याचं कारण त्याच्या पायात नाही. तुमच्या आधीच्या किकांनी साचलेलं पेट्रोल बाहेर पडत आलेलं असतं, तो फक्त वेळेवर पोचतो. हे शास्त्र जमलेल्यांना समजावू नका. त्या मुलाला पुढची दहा वर्षं गल्लीत मेकॅनिक म्हणतील.

मुलगा आला नाही तर प्लग काढा. उजव्या बाजूचं झाकण उघडा, कॅप ओढा, पाना लावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही: कॉक, नळी, कार्बोरेटर या क्रमाने बघा. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण जळत नाही. मग प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवा आणि किक मारा. भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ उडत असते. निळी, चटचट आवाजाची ठिणगी हवी. पिवळट आणि लाजरी असेल तर कॅप पुसा, वायर पुसा, प्लग ब्रशने घासा, फट अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जास्त आहे का बघा. ओल्या हाताने कॅप धरलीत तर ठिणगी आहे की नाही हे बघण्याची गरज उरत नाही.

गॅसवर प्लग तापवणे हा उपाय जुना आणि गुणकारी. ओल जाते, ऑइल जळतं. मात्र पेट्रोलने भिजलेला प्लग थेट जाळावर नेऊ नका, आधी पुसून पूर्ण वाळू द्या. प्लग चिमट्यात धरा. पोळ्यांच्या चिमट्यात नव्हे, तो लपवून ठेवलेला असतो. "त्याच गॅसवर दूध तापतं रे," हे आजीचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खोडता येत नाही. तोवर इकडे कॉक बंद करून, चोक आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून प्लगविना चार किका मारून घ्या. साचलेलं बाहेर पडेल.

एवढं करून ठिणगी नसेल तर दोष पॉइंटचा किंवा कॉइलचा, आणि तिथे हे मार्गदर्शन संपून मेकॅनिक सुरू होतो. ठिणगी असूनही गाडी हट्टाला पेटली असेल तर गावाची रचना मदतीला येते. वरच्या सड्यापासून समुद्रापर्यंत रत्नागिरी उतरतच जाते. गाडी उताराच्या तोंडाशी न्या, दुसरा गिअर टाका, क्लच दाबून घरंगळू द्या, वेग आला की क्लच सोडा. थिबा पॅलेसच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सोपं. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी रात्री गाडी चढावर ठेवून चालत घरी यावं.

पावसाळ्यात गाडीवर प्लास्टिक गुंडाळून ठेवू नका, आतली वाफ आतच राहते. पडवीत, वारा लागेल अशी उभी करा. रात्री शेवटच्या वळणावर कॉक बंद करून तेवढ्यावरच घरी या, म्हणजे कार्बोरेटरात रात्रभर काही साचत नाही.

आणि गाडी सुरू झाली की तिला सोडून फाटक उघडायला जाऊ नका. दोन पावलं गेलात की बंद पडते. फाटक कुणी उघडायचं ते किक मारण्याआधी घरात ठरवून घ्या.