डिक्शनरीवाले सर

परभणी जिल्ह्यात सेलू घ्या, जिंतूर घ्या नाहीतर मानवत घ्या. तालुक्याच्या गावाला बसस्टँड असतं, बाजार असतो आणि एक डिक्शनरीवाले सर असतातच. सर रिटायर झालेले असतात, त्यांचा लाल पेन झालेला नसतो. तो शर्टाच्या खिशात, आणि हॉर्नबीची जाडजूड डिक्शनरी पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीखाली.

हॉर्नबीचा विषय निघाला की सर थांबत नाहीत. "हा साहेब जपानात मास्तर होता. जपानी पोरांसाठी त्यानं ही केली. 1942 ला टोकियोत निघाली, 1948 ला ऑक्सफर्डनं काढली. म्हणजे इकडं पोलीस ॲक्शन झालं, तिकडं ही आली!" निजाम गेल्यानं मराठवाडा सुटला आणि हॉर्नबी आल्यानं अडकला, असं सरांचे विद्यार्थी म्हणतात, अर्थात सरांच्या माघारी.

"सर, स्पेलिंग येत नाही म्हणून डिक्शनरी उघडायची, आणि शब्द सापडायला स्पेलिंगच पाहिजे. मग कसं करावं?" दर पिढीत एखादं चुणचुणीत पोरगं हे विचारतंच. सर खूश होतात. "नॉलेज 'एन'मधी नाही ना सापडलं? मग 'के-एन' बघ. 'फ' ऐकू आला आन् 'एफ'मधी काही नसलं, तर 'पी-एच' बघ. वाड्याचं पुढचं दार लागलेलं असलं तर माणूस परसदारानं जातोच की! आन् पानाच्या माथ्यावरचे दोन शब्द आधी वाच, उगं पानं फडफडवू नको."

पहिलाच अर्थ उचलून पळणारा मात्र सरांना अजिबात खपत नाही. गंगाखेडला गोदावरीच्या बँकेवर लोक आंघोळ करतात, असा तर्जुमा एकानं केला होता. सरांनी शांतपणे विचारलं, "कोणत्या शाखेत?"

सरांचा खरा हंगाम लग्नसराईचा. परवा एका मंगल कार्यालयावर नवा फ्लेक्स लागला. त्यावर 'डायनिंग हॉल' असं इंग्रजीत, मधे दोन 'एन'. सर वऱ्हाडी म्हणून आले होते. अक्षता पडायच्या आत त्यांनी मालकाला गाठलं.

"अरे बाबा, लोकांना जेवायला बोलवायलास का बहिरं करायलास?"

"काय झालं सर?"

"'डाइन'ला 'आयएनजी' लावताना शेवटचा मुका 'ई' गळतो आन् 'एन' एकटाच राहतो. तू दोन घातले. दोन घातले की 'आय' आखूड होतो, 'डायनिंग'चं 'डिनिंग' होतं. 'डिन' म्हणजे कलकलाट!"

मालकानं फ्लेक्सवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "सर, आपला रेट स्क्वेअर फुटावर. एक 'एन' जास्तीचा गेला, त्याचे पैसे नाही लावले. आन् कॉम्प्युटरनं खाली लाल रेघ नाही मारली."

"कशी मारील? 'डिनिंग' हासुद्धा खराच शब्द आहे. शब्द आहे का नाही, एवढंच ते मशीन बघायलंय. तुला तोच पाहिजे होता का, हे डिक्शनरी उघडून तूच बघायचं!"

तेवढ्यात बँडवाल्यांनी सूर धरला, डीजेवाल्यानं त्यांच्यावर मात केली, पंगतीत वाढपी ओरडायला लागले. मालक सरांच्या कानाशी येऊन किंचाळला, "सर, बोर्ड बरोबरच हाय की!" सरांनी उघडलेला लाल पेन मुकाट्यानं बंद केला आणि पानावर जाऊन बसले.

तरी आमचं ऐका. पत्रिका, बोर्ड, फ्लेक्स काहीही छापायला टाकण्याआधी गावातल्या सरांना एकदा दाखवा. त्यांना अर्धा कप चहा पुरतो. दुसऱ्यांदा छापायचे पैसे मात्र स्क्वेअर फुटावरच लागतात.