सुनेच्या प्रसूती हितलाभाचा मागोवा : सासऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना

सदर सूचना बदलापूर पश्चिमेला सोनिवली येथे राहणाऱ्या, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या, गुडघे शाबूत असलेल्या आणि दुपारी झोप न लागणाऱ्या सर्व सासऱ्यांना लागू राहतील. असे सासरे माझ्या माहितीत एकच आहेत. त्यांना घरात नाना म्हणतात.

पहिली सूचना पात्रतेची. सुनेचा पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल आणि कंपनी ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापत असेल, तरच पुढे वाचावं. तिच्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि मालक वर ३.२५ टक्के घालतो. हे नानांना परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. आता ते शेअर रिक्षात शेजारी बसलेल्याला स्टेशन येईपर्यंत समजावतात. बाळंतपण जुलै ते डिसेंबरमध्ये असेल तर सरत्या मार्चअखेरच्या वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्चमध्ये, किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. जानेवारी ते जूनमध्ये असेल तर आधीच्या सप्टेंबरपर्यंतचं वर्ष धरायचं. नानांनी यासाठी महालक्ष्मी कॅलेंडरावर लाल पेनने खुणा केल्या. संकष्टी कुठली आणि वर्गणी कुठली, हे सासूबाईंना अजून कळत नाही.

दुसरी सूचना नावाची, आणि इथे जरा थांबावं लागेल.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात. फोटो छान येतो. पण त्या क्षणापासून एका बाईच्या तीन बायका होतात. ईएसआयसीच्या नोंदीत माहेरचं नाव आणि वडिलांचं आडनाव, कारण नोकरी लग्नाआधीची. आधारवर सासरचं नाव, कारण ते आमच्या ह्यांनी हौसेने बदलून आणलं. आणि बँकेच्या पासबुकात दोन्हींची खिचडी, त्यातही एक अक्षर कमी. पैसे यांतल्या नेमक्या कोणाला द्यायचे, हा प्रश्न संगणकाला पडतो. खरं सांगायचं तर अधूनमधून मलाही पडतो. तेव्हा सुनेला दिवस गेल्याचं कळलं की पेढ्यांच्या आधी ही तिन्ही नावं एका ओळीत मांडून ताडून बघावीत. ईएसआयसीतलं नाव दुरुस्त करायचं तर कंपनीला मध्ये घ्यावं लागतं, आणि त्यात वेळ जातो. मला हे नवं नाव नानांनीच सुचवलं होतं. त्या विषयावर त्यांनी अद्याप निवेदन दिलेलं नाही.

बँकेचंही बघावं. खातं पूर्वीच्या देना बँकेतलं असेल तर ती बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदा झाली आहे, आणि जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड आता फक्त आठवणीपुरता उरला आहे.

तिसरी : मोबाइल नंबर. कंपनीने नोंदणी करताना त्या रकान्यात कोणाचाही नंबर टाकलेला असू शकतो. माझा ओटीपी कितीतरी दिवस नोकरी सोडून गेलेल्या एका हिशेबनिसाकडे जात होता. बिचारा सज्जन. आकडे वाचून दाखवायचा आणि शेवटी डोहाळेजेवण कधी ते विचारायचा.

चौथी : कागद. खासगी रुग्णालयात नाव घातलं असलं तरी विमा दवाखान्यात गर्भारपणाची नोंद लवकर करून ठेवावी, म्हणजे पुढचे दाखले अडत नाहीत. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढाव्यात आणि सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवावं. हा नानांचा भित्रेपणा नव्हे. २००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदी काय करू शकते ते बदलापूर पश्चिमेने बघितलंय. फक्त माळ्यावर कोण चढणार, ते आधी ठरवावं. आठव्या महिन्यातल्या सुनेला ‘जरा ती फाइल काढ गं’ म्हणू नये. म्हटलं गेलंय.

पाचवी सूचना प्रत्यक्ष पाठलागाची. नोव्हेंबर २०२२ पासून प्रसूती हितलाभाचा दावा ऑनलाइन टाकता येतो. यामुळे शाखा कार्यालयातल्या बाकड्यावर बसायची सोय बुडाल्याची नानांना खंत आहे. त्यांनी त्यावर उपाय काढला. सकाळचा चहा झाला की माझ्या मोबाइलवर पोर्टल उघडायचं आणि जे दिसेल ते वहीत उतरवायचं. वहीत पट्टीने आखलेले तीन रकाने आहेत : तारीख, स्थिती, शेरा. स्थितीच्या रकान्यात ‘पेंडिंग’, त्याखाली ‘पेंडिंग’, त्याखाली ‘वरीलप्रमाणे’. शेऱ्यात ‘साइट बंद’, ‘लाइट गेली’, आणि एके दिवशी ‘सूनबाईंचा पाय सुजलेला आहे’. फॅक्टरीत आयुष्यभर तपासणीचं काम केलेल्या माणसाच्या हातून ‘सर्व ठीक’ असं सहजासहजी लिहिलं जात नाही.

प्रसूतीच्या खोलीबाहेर आमचे हे येरझाऱ्या घालत होते. नाना नर्सला विचारत होते, जन्माची नोंद नगरपालिकेत कधी पाठवता?

रक्कम किती? रोजच्या सरासरी मजुरीइतकी, पुरती शंभर टक्के, २६ आठवडे. दिवसाला ६०० रुपये धरले तर गुणिले १८२, म्हणजे १,०९,२०० रुपये. हा आकडा नातेवाइकांसमोर उच्चारू नये. या २६ पैकी बाळंतपणाआधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात. आधीची दोन मुलं हयात असतील तर १२ आठवडे. गर्भपात झाल्यास ६ आठवडे. नियमाच्या प्रत्येक ओळीखाली नानांनी रेघ मारली आहे, या एका ओळीखाली नाही.

आणि हे मात्र गमतीत घेऊ नका. या काळात कंपनीतून ‘जरा दोन तास येऊन जा, हजेरी नाही लावत’ असा फोन येतो. जाऊ नये. पगारी काम केलेल्या दिवसांचा हितलाभ मिळत नाही, आणि सही कुठे घेतली जाईल याचा नेम नसतो. हितलाभ चालू असताना कामावरूनही काढता येत नाही. माझ्यासाठी आलेला तो फोन नानांनी घेतला. मुंबई प्रांताचा मातृत्व लाभ कायदा १९२९ चा, त्याच्या विधेयकाला कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली पाठिंबा दिला होता, इथून त्यांनी सुरुवात केली. सुपरवायझर २०१७ च्या दुरुस्तीपर्यंत टिकला नाही.

शेवटची सूचना पैसे जमा झाल्यानंतरची, कारण त्यानंतर सासऱ्यांना करमत नाही. आमच्या चाळीत धुणीभांडी करणारी एक मुलगी पहिलटकरीण आहे. तिला ईएसआयसी नाही, म्हणून प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळू शकतात, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. कायद्याने प्रसूतीचा पगार घेतलेल्या माझ्यासारखीला ते लागू नाहीत, हे नानांनी वाचून खात्री केली आणि थोडे हिरमुसले. मग उठून त्या मुलीला अंगणवाडीत घेऊन गेले. तिचं आधार माहेरच्या नावाचं आहे. नाना खुशीत आहेत.