उत्तरांच्या पाच पातळ्या

प्रश्नाचं उत्तर कुणीही देतं. उत्तर देऊनही प्रश्न होता तिथेच ठेवायचा, ही मात्र विद्या आहे. ज्यांना ती शिकायची असेल त्यांनी २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतलं आयर्लंडच्या संसदेचं कामकाज काढून वाचावं. आमच्याकडच्या होतकरू नगरसेवकापासून मुरलेल्या मंत्र्यापर्यंत प्रत्येकाला त्यात घेण्यासारखं काही ना काही सापडेल.

तिथल्या लोकसभेला डॉल म्हणतात. दर मंगळवारी आणि बुधवारी पंतप्रधानाला तिथे जातीनं उभं राहावं लागतं. विरोधी पक्षाचा नेता उठतो आणि तीन मिनिटं झोडतो. कोणत्या विषयावर झोडणार हे आधी कळवायचं बंधन नाही. पंतप्रधानानं तीन मिनिटांत उत्तर द्यायचं. मग पुन्हा एक मिनिट प्रश्न, एक मिनिट उत्तर, की पुढचा नेता तयारच. गुरुवारी ही पाळी उपपंतप्रधानाची.

करोना आला आणि एकशे साठ सदस्यांना दोन-दोन मीटरवर बसवायचं कुठे, हा पेच पडला. डब्लिनच्या लेन्स्टर हाउसमधलं जुनं सभागृह त्याला पुरेना. तेव्हा लिफी नदीकाठचं कन्व्हेन्शन सेंटर भाड्यानं घेतलं. काचेचं कललेलं पिंप दर्शनी भागात बसवलेली ही इमारत, आत दोन हजार खुर्च्यांचं नाट्यगृह. त्या नाट्यगृहात २७ जून २०२० रोजी ९३ विरुद्ध ६३ मतांनी मिहॉल मार्टिन पंतप्रधान झाले. नियम इतके कडक की त्यांच्या घरच्यांनी हा सोहळा कॉर्कला बसूनच पाहिला. १९२२-२३ च्या यादवी युद्धात ज्यांचे आजे-पणजे एकमेकांवर बंदुका रोखून होते, ते फिएना फॉल आणि फिने गेल हे दोन पक्ष पहिल्यांदाच एका सरकारात बसले. सोबतीला ग्रीन पक्ष. खुर्ची वाटून घ्यायचं ठरलं: डिसेंबर २०२२ पर्यंत फिएना फॉलचे मार्टिन, मग फिने गेलचे लिओ वराडकर; तोवर ते उपपंतप्रधान.

वराडकर म्हणजे आपलेच. वडील डॉक्टर, मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. डिसेंबर २०१९ मध्ये लिओ वराडकर पंतप्रधान म्हणून त्या गावाला येऊनही गेले होते. शाळा बंद करण्याची घोषणा त्यांनी मार्च २०२० मध्ये वॉशिंग्टनहून केली तेव्हा ते निवडणूक हरलेले, हंगामी पंतप्रधान होते. स्वतः डॉक्टर असल्यानं त्यांनी वैद्यकीय नोंदणी नव्यानं करून घेतली आणि आठवड्यातून एकदा रुग्णसेवेला वेळ दिला. मालवणी माणूस मोकळं बोलतो म्हणतात. ते किती मोकळं, याचा अनुभव मार्टिनसाहेबांना पुढे आलाच.

१५ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं ‘करोनासोबत जगण्याची’ योजना जाहीर केली. निर्बंधांच्या पाच पातळ्या. एक म्हणजे बरं चाललंय, पाच म्हणजे दार लावून घ्या. ही योजना इतकी आटोपशीर आहे की मी ती पंतप्रधानांच्या उत्तरांनाही लावून पाहिली. चपखल बसली. (नमुन्याची वाक्यं माझी, सूर सभागृहातला.)

पातळी एक: आभार. “सन्माननीय सदस्यांनी अतिशय महत्त्वाचा मुद्दा उपस्थित केला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.” ऋण मान्य करताना तीन मिनिटांतली चाळीस सेकंदं संपतात. पबच्या प्रश्नाला ही पातळी पुरे पडायची. आयर्लंडमध्ये पब बंद ठेवणं म्हणजे काय, हे कळायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. नुसती दारू विकणारे पब बंद. पण गिऱ्हाइकानं किमान नऊ युरोचं ‘भरीव’ जेवण घेतलं तर उघडे. म्हणजे विषाणूला आठ युरोच्या सूपचा वास येतो, नऊ युरोच्या मटणापुढे तो शरण जातो. त्यातही टेबलावर बसायचं पावणेदोन तास. सप्टेंबरात तर फर्मान निघालं की कुणी काय खाल्लं याची नोंद अठ्ठावीस दिवस जपून ठेवा. पंतप्रधानपदी कोण, तर आरोग्यमंत्री असताना मार्च २००४ मध्ये कामाच्या जागी, म्हणजे पबातही, धूम्रपानबंदी आणून आयर्लंडला जगात पहिला नंबर मिळवून देणारा माणूस. पबवाल्यांनी त्यांना दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा काहीतरी बंद झालं.

पातळी दोन: तज्ज्ञ. “आम्ही तज्ज्ञांच्या सल्ल्यानं चालतो.” तज्ज्ञ म्हणजे नेफेट हे सार्वजनिक आरोग्याचं पथक आणि मुख्य वैद्यकीय अधिकारी टोनी होलोहन. हे उत्तर महिनोन्‌महिने उत्तम चाललं. पण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तज्ज्ञांनी सरळ पाचवी पातळी लावा म्हणून सांगितलं आणि सरकारनं तिसरी लावली. सोमवारी रात्री आपले वराडकर दूरचित्रवाणीवर गेले आणि या सल्ल्याचा पुरेसा विचारच झालेला नाही, असं ठणकावून आले. दोन आठवडे झाले. १९ ऑक्टोबरला सरकारनं पाचवी पातळी जाहीर केली, सहा आठवड्यांसाठी. विरोधक विचारू लागले, तेव्हा ऐकायचं नव्हतं तर आता का ऐकलंत? अशा वेळी तज्ज्ञांचं ऐकून, विचार करून, योग्य वेळी, संतुलित निर्णय घेतला असं म्हणायचं असतं. या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा असतो, एकत्र आले की मात्र ताकास तूर लागत नाही.

दोन आणि तीनच्या मध्ये एक पोटपातळी आहे, ती राजधानीची. योजना जाहीर झाली त्या दिवशी सगळा देश पातळी दोनवर. डब्लिनही दोनवरच, पण वर थोडे जादा निर्बंध. मग डब्लिन नेमकं कितव्या पातळीवर? दोन? अडीच? याचं सरळ उत्तर सरकारला देता येईना. त्याच दिवशी आरोग्यमंत्री स्टीफन डॉनेली यांना बरं वाटेना, म्हणून त्यांची चाचणी करायची ठरली आणि अख्ख्या मंत्रिमंडळानं घरी बसायचं असा निरोप आला. सभापतींनी कामकाज तहकूब केलं. करोनासोबत जगण्याची योजना सकाळी जाहीर आणि दुपारी सरकार विलगीकरणात! अहवाल निगेटिव्ह आला आणि रात्री सभागृह पुन्हा भरलं. हेच डॉनेली महिनाभरापूर्वी शाळा उघडण्यातला धोका समजावताना मुलांच्या ट्रॅम्पोलिनवरच्या उड्यांपर्यंत पोचले होते. आईबापांनी त्यांना काय काय सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही.

पातळी तीन: तुमचं काय? “आम्हाला शहाणपण शिकवणाऱ्यांनी आधी स्वतःकडे पाहावं.” विरोधी शिन फेन पक्षाच्या नेत्या मेरी लू मॅकडोनल्ड धारेवर धरू लागल्या की ही पातळी कामाला येई, कारण बेलफास्टला ३० जून २०२० रोजी त्यांच्याच पक्षाचे जुने नेते बॉबी स्टोरी यांच्या अंत्ययात्रेला निर्बंध असताना मोठा जमाव लोटला होता आणि त्यात मॅकडोनल्डबाईही होत्या. पुढे त्या प्रकरणी खटला भरायचा नाही असं ठरलं, ती गोष्ट वेगळी. सत्ताधाऱ्याला विरोधकाचा दोष सापडणं यासारखं दुसरं सुख नाही. त्यात सामान्य माणसाच्या प्रश्नाचं काय झालं, हे विचारायला तो सामान्य माणूस सभागृहात नसतो.

पातळी चार: मला आत्ताच कळलं. कृषिमंत्री बॅरी कॉवेन यांना मद्य पिऊन गाडी चालवल्याच्या जुन्या प्रकरणावरून सतराव्या दिवशी काढावं लागलं. त्यांच्या जागी डारा कॅलरी आले. १८ ऑगस्टला सरकारनं निर्बंध कडक केले: घरी किंवा कार्यक्रमात चार माणसं जमवतानाही दहादा विचार करा. १९ ऑगस्टला क्लिफ्डनच्या हॉटेलात संसदेच्या गोल्फ मंडळाचं जेवण. ऐंशीच्या वर पाहुणे, मध्ये सरकता पडदा लावून एका दालनाची दोन केलेली. पंगतीत नवे कृषिमंत्री, सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश आणि युरोपीय संघाचे व्यापार आयुक्त फिल होगन. कॅलरी गेले, होगन गेले. दोन महिने पुरे व्हायच्या आत आयर्लंडचे दोन कृषिमंत्री संपले, बटाट्याचं पीकसुद्धा इतक्या लवकर निघत नाही. २०२२ मध्ये आयोजक कोर्टात निर्दोष सुटले, पण तोवर जेवण भलतंच महाग पडलं होतं. त्याआधी, २०२१ मध्ये, माजी मंत्री कॅथरीन झॅपोन यांना विशेष दूत नेमायचा प्रस्ताव मंत्रिमंडळात आला, तेव्हाही मार्टिनसाहेबांना आगाऊ पत्ता नव्हता. मग उघडकीला आलं की त्याआधीच्या आठवड्यात झॅपोनबाईंनी एका हॉटेलच्या बागेत पन्नासेक माणसं बोलावली होती आणि त्यात वराडकरही होते. महाधिवक्त्यांचा अभिप्राय आला की बाहेर दोनशे जण चालतात. त्यानंतर मार्गदर्शक सूचना बदलल्या. आधी पंगत उठली, मग नियम बसले.

पातळी पाच: संपूर्ण टाळेबंदी. “चौकशी चालू आहे, त्यामुळे या टप्प्यावर भाष्य करणं उचित ठरणार नाही.” जून २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत जागा मिळाली म्हणून परराष्ट्र खात्यातल्या साहेबलोकांनी शॅम्पेनच्या बाटल्या फोडल्या, अंतर-बिंतर विसरून फोटो काढला, तो समाजमाध्यमावर टाकला आणि मग गुपचूप काढून टाकला. दीड वर्षानं त्याचा गाजावाजा झाला. चौकशी कुणी केली? त्याच खात्याच्या सचिवानं.

इथवर हसून झालं. आता जानेवारी २०२१ कडे या. डिसेंबरात नाताळ गोड व्हावा म्हणून सरकारनं उपाहारगृहं उघडली आणि घरोघरच्या भेटींनाही मोकळीक दिली. तज्ज्ञ सांगत होते, दोन्ही एकदम नको. ८ जानेवारीला एका दिवसात ८,२४८ रुग्ण नोंदले गेले. पन्नास लाखांच्या देशात! त्या आठवड्यात लोकसंख्येच्या मानानं नव्या रुग्णांत आयर्लंड जगात पहिला होता. मृत्यूंच्या बाबतीत तोवरच्या महिन्यांत हा जानेवारीच सर्वांत वाईट ठरला. सरकारनं ब्रिटनहून आलेल्या नव्या उपप्रकाराकडे बोट दाखवलं. बोट चुकीचं नव्हतं, पण दार कुणी उघडलं हा प्रश्न उरलाच. आणि तो प्रश्न मार्टिनसाहेबांच्या तोंडावर, नाव घेऊन, पुन्हा पुन्हा विचारला गेला. त्यांनी वेळ मारून नेली, गोल गोल बोलले, तज्ज्ञांना पुढे केलं. पण ते आले आणि उभे राहिले. त्यांची टोलवाटोलवी शब्दन्‌शब्द संसदेच्या दप्तरात छापली गेली, म्हणून तर आज तिची टिंगल करता येते.

आता जरा आपल्याकडे. डब्लिनला पाच पातळ्या जाहीर झाल्या त्याच्या आदल्या दिवशी दिल्लीत पावसाळी अधिवेशन सुरू झालं. त्यात प्रश्नोत्तराचा तास नव्हता. टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले, या लेखी प्रश्नाला लेखी उत्तर मिळालं: अशी आकडेवारी ठेवलेली नाही. हिवाळी अधिवेशन तर झालंच नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळानंही त्या सप्टेंबरात दोन दिवसांत काम उरकलं, प्रश्नोत्तराचा तास वगळून. तेव्हा दिल्लीत एक पक्ष सत्तेवर होता, मुंबईत दुसरे, भांडण टोकाचं; या एका बाबतीत मात्र दोघांचं छान जमलं.

म्हणजे आपल्याला पाच पातळ्या लागल्याच नाहीत. आपण शून्यावरच जिंकलो. जिथे प्रश्नच नाही तिथे उडवाउडवीचं उत्तर देण्याची नामुष्कीही नाही. आयरिश माणूस आपल्या पंतप्रधानाला खुशाल लबाड म्हणो. त्याला तसं म्हणता आलं, कारण लबाडी त्याच्यासमोर, घड्याळ लावून झाली. उत्तर टाळायलाही सभागृहात यावं लागतं, एवढा धाक लोकशाहीत उरला तरी पुष्कळ झालं. तेव्हा पुढच्या खेपेला मत मागायला कुणी दारात आलं तर रस्ता, गटार, पाणी हे सगळं विचाराच. पण आधी विचारा, की साहेब, गेल्या पाच वर्षांत सभागृहात तुम्ही किती प्रश्न विचारलेत आणि किती प्रश्नांना उभं राहून उत्तर दिलंत? उत्तर कोणत्या पातळीचं येतं ते मोजायला तुम्ही आता शिकलाच आहात.