वजनातला वटाव

सुरतेच्या पूर्वेकडील लिंबायत हा भाग नकाशावर गुजरातेत असला, तरी त्याच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्याला ही गोष्ट दुकानांच्या पाट्या वाचूनच आठवते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून तापी खोऱ्यातल्या रेल्वेने पोटासाठी येथे उतरलेल्या आणि मग परतीचे तिकीट काढायचे राहून गेलेल्या कुटुंबांच्या आता दोन-तीन पिढ्या येथे नांदत असून, त्यांच्या ओट्यांवर अहिराणी, दुकानात गुजराती आणि शाळेच्या दाखल्यावर मराठी असा व्यवहार सुखाने चालतो. या वस्तीत ज्याने एक पावसाळा काढला आहे, त्याला अप्पांची ओळख करून देणे अनावश्यक आहे. वय पन्नाशीपलीकडे, धंदा ग्रे कापडाच्या दलालीचा, म्हणजे मागावरून उतरलेल्या पण अजून रंग न चढलेल्या कापडाचा सौदा जमवून देण्याचा, वाहन स्कूटर, आणि निश्चय असा की वजन उतरवायचे आहे, मात्र त्यासाठीचा व्यायाम मजा येईल असाच असला पाहिजे. असे अप्पा प्रत्येक गल्लीत किमान एक असतात आणि मजेच्या या अटीवर ते सर्व अढळ असतात.

अप्पांचे शास्त्र समजण्यासाठी कापडबाजारातील वटाव ही संज्ञा आधी ध्यानात घ्यावी लागते. माल घेणाऱ्याने रोखीने किंवा मुदतीआधी पैसे चुकते केले, तर व्यापारी बिलाच्या रकमेतून जे ठरावीक टक्के आपखुशीने सोडतो, त्यांना वटाव म्हणतात. प्रत्यक्षात ते आपखुशीने क्वचितच सुटतात, आणि ते सोडवून घेण्यात दलालाचे अर्धे आयुष्य जाते. अनेक वर्षे हाच उद्योग केलेल्या मनुष्याची अशी धारणा होऊन बसते की जगात लिहिलेला कोणताही आकडा म्हणजे बोलणीचा आरंभ होय. ट्रान्सपोर्टच्या गोदामात पार्सले तोलण्याच्या काट्यावर उभे राहिल्यानंतर दिसणारा ९४ हा आकडाही त्यांच्या लेखी याच जातीचा ठरतो.

त्यातून प्रथम चपला वजा होतात, मग चाव्यांचा जुडगा, दोन मोबाइल आणि उधारीच्या चिठ्ठ्यांनी फुगलेले पाकीट. त्यानंतर सकाळचा चहा आणि सोबतचे खारी बिस्कीट, कारण ते अद्याप 'अंगी लागलेले' नसते. एवढ्याने ९२ वर आलेल्या अप्पांना खरा आधार मिळतो तो ओलाव्याचा. सूत हवेतील ओल शोषून घेते आणि त्यामुळे त्याचे वजन हवेप्रमाणे बदलते, म्हणून व्यापारात कापसासाठी कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के इतका ओलावा प्रमाण धरण्याची पद्धत आहे. हा दंडक अप्पा स्वतःला लावतात आणि ८४ किलोंचे 'नेट' अप्पा वहीत नोंदवून घेतात. गोदामातल्या मेहताजींनी, म्हणजे हिशेबनिसाने, एकदा अशी शंका काढली की सुरतेचा सारा बाजार पॉलिएस्टरचा असून पॉलिएस्टरचा प्रमाणित ओलावा अवघा ०.४ टक्के आहे, तेव्हा येथील मनुष्याला कापसाचा दर लावणे नियमात बसेल काय. त्यावर अप्पांनी काट्यावरून न उतरता उत्तर दिले, "आंग कापूसनं शे भाऊ, पॉलिस्टरनं नही." खानदेशातल्या काळ्या कापूसजमिनीचा हा दाखला बिनतोड असल्याने मेहताजी गप्प बसले. टक्का कोरड्या वजनावर धरायचा की ओल्या, हा मुद्दा त्यांना सुचला होता; तथापि तो काढला असता तर पुढचे पार्सल तोलले गेले नसते.

मजेदार व्यायामाच्या शोधाचा इतिहास लांबलचक आहे. १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत सुरू केलेली हास्यक्लबाची कल्पना, म्हणजे बागेत एकत्र जमून विनोदाविना हसण्याचा उपक्रम, अप्पांना पहिल्या दिवशी फार आवडली. दुसऱ्या दिवशी मात्र समोरच्या ओळीत आपले एक जुने येणेकरी हसत असल्याचे ध्यानात आल्याने त्यांनी तो प्रयोग आवरता घेतला. २१ जून २०२३ रोजी, आंतरराष्ट्रीय योग दिनी, सुरतेत एकाच ठिकाणी सुमारे दीड लाख लोकांनी योगासने करून गिनीज विक्रम नोंदवला. त्या गर्दीत अप्पा होते आणि तेव्हापासून ते या विक्रमाचे स्वतःला भागीदार समजतात. भागीदाराने पुन्हा रोज उठून कामगाराचे काम करायचे नसते, ही पेढीची रीत असल्याने योगासने तेथेच संपली. जिमची वार्षिक फी त्यांनी एकरकमी भरली ती तीस टक्के वटाव सुटला म्हणून, आणि गेले नाहीत ते वटावाचा आनंद व्यायामाने बिघडू नये म्हणून. वर्षभर ते तीस टक्के कसे पाडून घेतले हे त्यांनी चहाच्या टपरीवर इतक्यांदा आणि इतके हातवारे करून सांगितले की काही तरी ऊर्जा त्यातही खर्च झालीच असली पाहिजे.

नवशिक्याने व्यायाम कसा करावा याविषयी जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला साधा आहे: प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम वेगाची हालचाल करावी, आणि ज्याला एवढे जमत नाही त्याने थोडक्यापासून आरंभ करून ते हळूहळू वाढवावे. मध्यम वेग कोणता, हे ओळखण्याची एक घरगुती कसोटी सांगितली जाते, ती अशी की चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये. अप्पांना बसल्या जागीही गाता येत नसल्याने त्यांची प्रत्येक अवस्था मध्यम वेगाची ठरते, आणि बोलणे तर झोपेतही थांबत नसल्याची घरच्यांची साक्ष आहे. या हिशेबाने त्यांचा आठवड्याचा कोटा सोमवारी दुपारीच भरतो.

येथे आकडेमोडीचा थोडा कोरडेपणा पत्करावा लागेल. अप्पांच्या वजनाच्या मनुष्याने अर्धा तास बऱ्यापैकी झपाट्याने चालल्यास सुमारे दीडशे किलोकॅलरी खर्च होतात, आणि शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे केवळ चालून एक किलो उतरवायचा तर अशा पन्नासेक फेऱ्या हव्यात, आणि तेही त्या काळात ताटात काही न वाढवता. म्हणूनच वजन मुख्यतः जेवणात उतरते आणि व्यायाम ते उतरलेले टिकवायला मदत करतो, असे आहारतज्ज्ञ सांगतात. सुरतेत हा सल्ला पाळणे कठीण आहे. जेवावे सुरतेत आणि मरावे काशीत, अशी म्हण ज्या शहराविषयी आहे, तेथील प्रत्येक बागेच्या दाराशी लोचोची गाडी उभी असते. लोचो म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचे वाफवलेले, मुद्दाम घट्ट न होऊ दिलेले पीठ, ज्यावर तेल, शेव आणि कांदा पडल्यावर सकाळच्या फेरीचा जमाखर्च जागेवरच मिटतो. रविवारी घरी वरण-बट्टी असते आणि बट्टी तुपात बुडवावी लागते, कारण न बुडवलेली बट्टी पाहुण्याला दिसली तर बदनामी गावापर्यंत पोहोचते. भारतीय पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे वैद्यक मानते. अप्पांची कंबर कापडाच्या टेपने १०८ भरली, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले की यातून धुतल्यानंतरची आट किती धरली आहे.

परंपरेचा आधारही ते सोडत नाहीत. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकराव यांनी लेझीम आणि सांघिक कवायत यांना शिस्तीचे रूप दिले, म्हणजे गुजरातेत व्यायामाची गोडी लावण्यात मराठी माणसाचा वाटा आधीच जमा आहे, असे अप्पा सांगतात. आणि आगाऊ जमा असलेल्या रकमेवर वटाव मिळतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

लिंबायतला वजनाचा प्रश्न सर्वांना एकाच बाजूने पडतो असे मात्र नाही. ७ मार्च २०२५ रोजी येथील निलगिरी मैदानावर पंतप्रधानांच्या हस्ते अन्नसुरक्षा मोहिमेचा आरंभ झाला आणि दोन लाखांहून अधिक लाभार्थ्यांना धान्याचा लाभ जाहीर झाला. त्याच दिवशी सिल्वासात त्यांनी वाढत्या लठ्ठपणाबद्दल चिंता व्यक्त करून स्वयंपाकातले तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. दुपारी तेल कमी करा आणि संध्याकाळी धान्य घ्या, हे दोन्ही उपदेश एकाच पत्त्यावर येऊन पडतात, इतकी ही वस्ती दाट आहे. येथे एकाच जिन्याने मजेदार व्यायामाच्या शोधातले अप्पा उतरतात आणि बारा तासांची पाळी संपवलेला कारागीर चढतो, ज्याला आनंददायी हालचालीचे फायदे समजावून सांगण्याचे धाडस अद्याप कोणत्याही शिबिराने केलेले नाही.

अप्पा स्वतः या जिन्याने चढणारेच होते. मिसरूड फुटायच्या आत ते सुरतेतल्याच उधन्याच्या एका लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या शेडमध्ये, लागले. तेथे मीटरवर मजुरी मिळे, आणि एका कारागिराकडे अनेक माग असल्याने तुटलेला धागा सांधत, रिकामी कांडी बदलत बारा तास मागांच्या रांगांमधून फिरावे लागे. त्या काळात त्यांना कोणी तोलले नाही, कारण तोलण्यासारखे अंगावर काही नव्हते. त्या वेळचा एकमेव फोटो घरात आहे, त्यात गळ्याची हाडे दिसतात, आणि अप्पांना तो कोणी पाहिलेला आवडत नाही. व्यायामात मजा हवी, या त्यांच्या हट्टाला लोक हसतात. पण ज्याच्या वाट्याला तारुण्यात बारा-बारा तासांची हालचाल सक्तीने आली, त्याने उतारवयात ती आपल्या मर्जीची मागावी, यात लिंबायतने हसण्यासारखे फारसे नाही, हे कबूल करणे भाग पडते.

पुढे झाले ते असे, की मुलाला कॉलेजसाठी स्कूटर द्यावी लागली आणि अप्पांना रेल्वेखालच्या गरनाळ्यातून पायी उधन्याला जाण्याची वेळ आली. पावसाळ्यात या भुयारी रस्त्यात पाणी भरले की वळसा दुप्पट होतो. सौद्याच्या निमित्ताने ते या शेडमधून त्या शेडमध्ये जाऊ लागले, दारात उभे राहून नुसत्या आवाजावरून कोणता माग लंगडतो आहे ते सांगू लागले, आणि गंजाम जिल्ह्यातून आलेल्या ओडिया पोरांना गाठ मारण्याची जुनी खुबी दाखवू लागले. पोरांना त्यांची भाषा निम्मी कळे, गाठ पुरती कळे. या भटकंतीत रोजचा दीड-दोन तास जाऊ लागला आणि वाटेत लोचोची गाडी नव्हती. अप्पांनी याला व्यायाम कधीच म्हटले नाही, कारण त्याची पावती कोणी फाडली नव्हती.

दिवाळीनंतर गोदामाच्या काट्याने ८९ दाखवले. अप्पा उतरले, पुन्हा चढले, आणि तोलमाप खात्याचा शिक्का शेवटचा कधी बसला याची त्यांनी मेहताजींकडे कडक चौकशी केली. शिक्का चालू सालचा निघाला. मग माहितीच्या वजनाचे पार्सल ठेवून पाहिले, तेही बरोबर भरले. काटा सुटला, तेव्हा अप्पांनी सर्व बाजूंनी विचार करून या घटीचे श्रेय जिमला दिले, कारण पैसे तेथे भरले होते. फुकट चालण्याने वजन उतरले असे एकदा मान्य केले असते, तर ती पावती कायमची बुडीत खात्यात गेली असती. त्याच आठवड्यात त्यांनी जिमची पुढील वर्षाची फी भरली, आणि या वेळी वटाव पस्तीस टक्के पाडला.