दाजींचा भांग

आमच्या दाजींना टक्कल पडलेलं नाही. त्यांचे ‘केस जातायत’. गेली वीस वर्षं जातायत. डाव्या कानाच्या जरा वरून भांग निघतो आणि तिथले चार लांब केस डोकं ओलांडून उजव्या कानाला जाऊन चिकटतात. एसटीत दाजी आधी वारा कुठून येतोय ते बघतात, मग जागा धरतात. लग्नाच्या हॉलमध्ये पंख्याखालची खुर्ची आग्रहाने दुसऱ्याला देतात. लोकांना वाटतं, काय अगत्य!

सकाळी उशीचा अभ्रा खिडकीशी धरून गळालेले केस मोजायचे, मगच चहा. मी एकदा म्हटलं, “दाजी, डोक्यावर लाखभर केस असतात, रोज पन्नास ते शंभर गळायचेच.” दाजी सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. म्हणाले, “ज्याच्या खात्यात लाख आहेत त्याला शंभराचं काय? आमचं खातं बघा.”

कारणांची त्यांच्याकडे ददात नाही. पहिला आरोपी बोअरचं पाणी. मग हेल्मेट, कॉलेजातली खाणावळ आणि (आवाज खाली आणून) ताईच्या हातचं अळणी जेवण. खाऱ्या पाण्याने केस राठ होतात, टक्कल पडत नाही, हे त्यांना पटत नाही. हॉलच्या भिंतीवर त्यांचे वडील आणि आजोबा शेजारी शेजारी लावलेत. दोघांच्याही माथ्यावर फोटोग्राफरचा फ्लॅश चमकलाय. तिकडे मात्र दाजींचं लक्ष जात नाही. आईकडून आलं म्हणावं तर मामांचंही तेच. पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डीएचटी बनतं आणि ज्यांच्यात आनुवंशिक कल आहे त्यांच्या माथ्यावरची मुळं त्याने बारीक होत जातात. मागची मुळं त्याला दाद देत नाहीत, म्हणून मागची झालर टिकते.

दाजींचा घात केला तो टायफॉइडने. ताप गेल्यावर दोन-अडीच महिन्यांनी केस मूठमूठ यायला लागले. आठवडी बाजारातल्या एका वैदूने माक्याचं तेल दिलं आणि काही महिन्यांत केस परतले. अशा तापानंतरचे केस बहुधा आपले आपण परत येतात. पण श्रेय गेलं तेलाला, आणि तेव्हापासून घरात जास्वंद, मेथी, कांद्याचा रस असं सगळं सुरू झालं. कांद्याच्या दिवसांत ताई माहेरी येऊन राहिली.

मध्यंतरी मिनॉक्सिडिल झालं. हे मूळचं ब्लडप्रेशरचं औषध. घेणाऱ्यांच्या अंगावर केस उगवायला लागले म्हणून डोक्याला लावून पाहिलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात, सुरुवातीला गळती वाढूही शकते आणि थांबवलं की मिळालेलंही जातं. दाजींनी सहाव्या आठवड्यात बाटली फेकली. फिनास्टेराइडच्या गोळीचा कागद मात्र त्यांनी चष्मा लावून नीट वाचला. काही पुरुषांची कामेच्छा कमी होऊ शकते, या ओळीपाशी थांबले, कागदाची बारीक घडी केली आणि ताईच्या हाती लागू नये म्हणून पाकिटात सरकवली.

शेवटी ट्रान्सप्लांट. मागची मुळं काढून पुढे रोवायची, हिशेब ग्राफ्टवर. एका स्वस्त ठिकाणी दाजी चौकशीला गेले. “डॉक्टर कधी असतात?” काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सर, आमची टीम एक्स्पर्ट आहे.” इथे बँकवाला जागा झाला. नोंदणी क्रमांक मागितला आणि तो मिळेना तेव्हा उठून आले. हे त्यांनी शंभर टक्के बरोबर केलं. ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय.

आता भाच्याच्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकायला लागलेत. तो कुणाला न सांगता त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन आला. शहाणा आहे, जे केस आहेत ते टिकवणं गेलेले आणण्यापेक्षा सोपं, आणि लवकर गेलेलं बरं. इकडे दाजींनी पोराच्या काळजीने गच्चीवर पाणी मऊ करायचं यंत्र बसवलंय. तुम्ही कधी त्यांच्याकडे गेलात, तर पाणी गोड लागतं एवढंच म्हणा आणि विषय बदला.